उपकेंद्राचा ठराव

"बाई, मासोळीचा वास इथवर येऊन रायला. तू दारातूनच बोल."

सभापती असं म्हणाले आणि अख्खी सभा हसली. पंचायत समितीचा हॉल. वर पंखा, खाली सतरंजी, मधे टेबल. मी उंबरठ्याच्या आत एक पाय टाकला होता. तो मागं घेतला. सांगायला लाज वाटते, पण घेतला.

मी आमच्या गावची आरोग्य रक्षक होते. जातीनं ढिवर. भंडारा जिल्ह्यातलं तलावाकाठचं गाव. घरचे पुरुष तलावात जाळं टाकायचे, आम्ही बाया सानगडीच्या बाजारात मासोळी विकायचो. मी सातवी शिकलेली. आणीबाणी उठल्यावर सरकारनं गावागावातून एक माणूस निवडून त्याला औषधाची पेटी द्यायचं ठरवलं, तेव्हा गावानं माझं नाव दिलं. पेटीत तापाच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या, पट्ट्या, लाल औषध. अडलेल्या बाळंतिणीसाठी त्यात काही नव्हतं.

तेच विचारायला मी गेले होते. आमच्या गावाला वरून उपकेंद्र मंजूर झालं होतं. बाळंतपणाची खोली, गावातच राहणारी नर्स. शिवाय सरकारी डॉक्टरनं घरी खाजगी पेशंट तपासू नयेत, अशी अट. समितीनं ठराव करून जागा दिली की काम सुरू.

दारातूनच विचारलं, "ठराव कवा होईन, साहेब?"

"होईन, होईन. घाई नाई करायची."

हसणाऱ्यांत विरोधी पक्षाचे पुढारीही होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. बाजारात माईक लावून ते सभापतींना चोर म्हणायचे. गरिबाच्या दवाखान्यासाठी जीव देईन म्हणायचे. हा एक माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल, असं वाटलं होतं. ते तोंडाला रुमाल लावून हसत होते.

पंधरा दिवसांनी डॉक्टरच्या घरून मासोळीचा निरोप आला. हाच तो सरकारी डॉक्टर. सकाळी तासभर दवाखान्यात, मग दिवसभर घरच्या ओसरीत खाजगी पेशंट. त्याच्या बायकोनं मला मागच्या दारानं घेतलं, विहिरीजवळ मासोळी साफ करायला बसवलं. तिथून ओसरी दिसत होती. सभापती आणि भाऊ शेजारी शेजारी बसले होते, समोर डॉक्टर. भाऊ कशाला तरी हसले आणि त्यांनी सभापतींच्या मांडीवर थाप मारली. मग सभापतींचा आवाज आला.

"तुमी उठून जा. बाकीचं मी पायतो."

मी भांडं घ्यायला उठले, तसे तिघंही गप्प झाले.

मला काही समजलं नाही. मोठी माणसं. बाहेर भांडत असतील, घरात बोलत असतील.

ठरावाच्या दिवशी मी पुन्हा दारात उभी होते. ठराव वाचायला घेतला आणि भाऊ ताडकन उठले. "हे जनतेची फसवणूक हाय," म्हणाले. कागद फाडला आणि आपली माणसं घेऊन निघून गेले. सभापतींनी उरलेली डोकी मोजली. "गणपूर्ती नाई. सभा तहकूब."

इतकंच.

दुसऱ्या दिवशी भाऊंची माणसं बाजारात सांगत होती, सभापतींनी उपकेंद्र बुडवलं. सभापतींची माणसं सांगत होती, भाऊंनी बुडवलं. दोघंही खरं बोलत होते.

सरू माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. कापणीचे दिवस. पहाटे कळा लागल्या, सूर्य वर आला तरी बाळ येईना. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाही. माणसं सगळी धानाच्या बांधीत. बैलगाडी मिळायला वेळ गेला. गाडीत धानाच्या तणसावर गोधडी टाकून सरूला निजवलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडं निघालो. रक्त थांबत नव्हतं. पेटी माझ्या मांडीवर. दोनदा उघडली. दोनदा बंद केली.

"बाई," ती म्हणाली. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "मी मरून रायली का वो?"

"नाई वो. आलाच दवाखाना."

आला नव्हता. अर्धी वाटही झाली नव्हती. तिनं माझा पदर मुठीत धरला होता. एका वळणावर मूठ सुटली. मी गाडीवानाला काही सांगितलं नाही. तो बैलांना हाकत राहिला. मी हाकू दिलं. कोणाला तरी अजून वाटत होतं की आपण तिला वाचवायला चाललो आहोत.

बाळ पोटातच गेलं.

दोघं पुढारी भेटायला आले. सकाळी सभापती, दुपारी भाऊ. दोघंही माझ्या आईला एकच वाक्य बोलले. "उपकेंद्र असतं त पोरगी वाचली असती."

तेव्हा मला ओसरीतलं बोलणं आठवलं. कोणी उठून जायचं होतं आणि बाकीचं म्हणजे काय होतं, ते कळलं. आईनं दोघांनाही चहा दिला होता.

महिन्याभरानं मला ऑफिसात बोलावलं. बाबूनं कागद पुढं सरकवला. 'नातेवाईकांनी दवाखान्यात आणण्यास विलंब केल्यामुळे मृत्यू.' खाली माझ्या सहीची जागा. सभापती खुर्चीत बसले होते.

"सही कर. भाऊनं बी पायला हा कागद. त्याईची हरकत नाई."

"विलंब कोणं केला, साहेब?"

"तुले कोणी विचारलं?"

"मी विचारून रायली. ठरावाले विलंब कोणं केला?"

ते बाबूकडं वळले. "हिची पेटी जमा करून घे."

मी पेटी टेबलावर ठेवली. सही केली नाही. बाहेर येऊन बाभळीखाली बसले आणि सरू गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

लोक विचारतात, पुरावा आहे का? नाही. दोन वाक्यं कानावर पडली, एवढंच. ते एक झाले होते, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते एक झाले नसते, तर वेगळं काय झालं असतं, हे मला कोणी सांगावं.

पुढच्या सभेला मी मोहल्ल्यातल्या नऊ बाया घेऊन गेले. दोघी पोटुशी. आत जाऊन सतरंजीवर बसलो. मी म्हटलं, "ठराव घ्या. हात वर करून घ्या. कोणाचा हात वर होते, आमाले पायचं हाय."

सभापतींनी भाऊंकडं पाहिलं. सभा तहकूब झाली.

त्यानंतरच्या सभेलाही आम्ही गेलो. तीही तहकूब झाली. सहा वर्षं होत आली, गावात खोली नाही, नर्स नाही. डॉक्टरच्या ओसरीत तेवढीच गर्दी. सरूचं दुःख हलकं झालं नाही, आणि ते हलकं व्हावं असं मला वाटतही नाही.

मी जाणार. ठरावावर मतदान होईपर्यंत दर सभेला जाणार. आणि ज्याचा हात खाली राहील, त्याचं नाव मी मोठ्यानं घेणार. बाजारात घेणार. त्याच्या दारात घेणार. त्याच्या सुनेची ओटी भरत असतील, तिथंही घेणार.