पुढच्या चाकाची अट

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाने सासरी जावं, पाटावर बसून ओवाळून घ्यावं, चार दिवस गोडधोड खावं आणि बायकोला घेऊन परत यावं, एवढी ती साधी गोष्ट. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांची ती चार दिवसांत उरकली. मला तीन आठवडे लागले, आणि त्याला कारण झालं एक विमान. तेही असं, की जे जमिनीपासून वीतभरसुद्धा वर गेलं नाही.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. मी अकोल्याच्या कोर्टात नवा वकील होतो, म्हणजे काळा कोट होता आणि पक्षकार नव्हते. सासरे अमरावतीचे जुने वकील. त्यांच्याकडे दोन्ही होतं, शिवाय बडनेऱ्याच्या रस्त्याला शेती होती आणि एक नाद होता. कुठल्याशा इंग्रजी मासिकात घरच्या घरी बांधायच्या विमानाचे नकाशे छापून आले होते. सासऱ्यांनी ते पाहिले, शेतातल्या कोठ्यातला कडबा बाहेर काढला आणि आत सुतार बसवला.

मी पाहिलं तेव्हा ते यंत्र जवळजवळ तयार होतं. सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर मांजरपाट, पुढे जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणि हाताने फिरवून सुरू करायचा लाकडी पंखा. कापड ताठ राहावं म्हणून त्याला कसलं तरी परदेशी रोगण देतात म्हणे. सासऱ्यांनी गव्हाची खळ दिली. त्यामुळे घरच्या एका बैलाने डाव्या पंखाचं टोक चाटून चाटून मऊ करून ठेवलं होतं. शिवण मात्र नजर लागावी अशी. ती सगळी माझ्या बायकोच्या हातची. दिवाळीच्या महिनाभर आधी ती माहेरी आली होती ती फराळाला हात लावायला नव्हे, पंख शिवायला, हे मला त्या दिवशी कळलं.

सासऱ्यांचा कायद्याचा अभ्यास पक्का. उडायला सरकारी परवाना लागतो, तेव्हा परवाना येईपर्यंत जमीन सोडायची नाही. पण जमिनीवर चालवायला कुठल्याही कलमात आडकाठी नाही. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की ज्याला धड चालता येत नाही त्याने उडायच्या गोष्टी करू नयेत. हे ऐकून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. चौथ्या दिवशी मी निघायची गोष्ट काढली, तेव्हा तो आदर गेला.

ते शांतपणे म्हणाले की मुलीशिवाय त्यांचं काम अडतं. दोर ताणायचे, उसवलेलं शिवायचं, हे दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही. तेव्हा हे यंत्र माळाच्या या टोकापासून त्या टोकाच्या बाभळीपर्यंत सरळ गेलं, की दुसऱ्या दिवशी तिला पाठवतो. मी माळाकडे पाहिलं. अंतर असं काही नव्हतं. हे काम संध्याकाळपर्यंत होईल असा हिशेब करून मी हो म्हटलं. वकील असून अट नीट न ऐकता कबूल केली, याचा मला अजूनही राग येतो.

गोम सगळी पुढच्या चाकात होती. मासिकातल्या विमानाला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक लाकडी घसरपट्टी होती. सासऱ्यांनी विचार केला की आपल्या काळ्या मातीत ती पट्टी वखरासारखी रुतेल आणि शेत नांगरून निघेल. म्हणून त्यांनी पट्टी काढली, दोन चाकं जरा मागे सरकवली आणि नाकाखाली एक वळणारं चाक बसवलं, कुठल्याशा जिनिंग कारखान्याच्या मोडक्या ढकलगाडीचं. ते वळवायचं पायांनी. पायाशी एक आडवी फळी, मधोमध खिळ्यावर फिरणारी. फळीच्या टोकांपासून दोर पुढे चाकाला आणि मागे शेपटीच्या सुकाणूला.

पहिली फेरी सासऱ्यांनी स्वतः केली, मी यायच्या आधीच. त्यांनी डावा पाय दाबला तर यंत्र उजवीकडे निघालं. म्हणून त्यांनी वेग वाढवला तर ते डावीकडे निघालं. झालं होतं असं की चाकाचे दोर सरळ लावलेले, आणि सुकाणूचे नकाशाप्रमाणे. एकच पाय दाबला की चाक एकीकडे ओढायचं आणि सुकाणू दुसरीकडे. हळू असताना चाकाचं चालायचं, वेग आला की वाऱ्याने सुकाणूचं. सासऱ्यांनी माळावर एक सुरेख नागमोडी रेघ काढली आणि विहिरीच्या अलीकडे इंजिन बंद केलं.

मग त्यांनी चाकाच्या दोरांची अढी मारली, डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. आता डावा पाय दाबला की दोन्ही डावीकडे. हे बरोबर झालं. पण सासरे देहाने भरदार, आणि बसायची जागा मागच्या चाकांच्याही मागे. ते बसले की नाक वर, चाक हवेत. हवेतलं चाक हवं तेवढं वळवा, जमिनीला त्याचं काय. तेव्हा नाकात वजन हवं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला पाटा उचलून नेला आणि इंजिनाखाली बांधला.

ही गोष्ट नेमकी माझ्या दिवाळसणाच्या आदल्या दिवशी घडली. पुरण वाटायला पाटा नाही. सासूबाईंनी शेजारून पाटा आणला, पुरण वाटलं, जावयाला वाढलं, आणि तेव्हापासून त्या नवऱ्याशी बोलणं सोडून माझ्याशी बोलू लागल्या. त्यांच्या दृष्टीने माझी बायको आणि त्यांचा पाटा ही एकच फिर्याद होती.

“पोरीले धाडून द्या, अन् माहा पाटा आना,” एवढंच सासूबाई दिवसातून एकदा म्हणायच्या.

पाटा बांधूनही सासरे बसले की नाक उचलायचंच. यावर त्यांनी तोडगा काढला तो मी. मी सडपातळ. मी बसलो तर नाक खाली राहील. मी कोट काढून बसलो. इंजिन सुरू झालं, सगळा सांगाडा थरथरायला लागला, आणि यंत्र निघालं. थोडं डावीकडे जातंय असं वाटलं म्हणून मी ते उजवीकडे घ्यायला गेलो. आता मी जन्माचा सायकलवाला. उजवीकडे वळायचं म्हणजे हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची, हे हाडात भिनलेलं. मी डावा पाय पुढे ढकलला. यंत्र आणखी डावीकडे. मी आणखी जोराने डावा पाय ढकलला. पाट्याच्या वजनाने चाक जमिनीला घट्ट धरून होतं, त्यामुळे ते अगदी आज्ञाधारकपणे वळलं आणि मला माळावरून थेट वेचणीच्या कापसाच्या ढिगात घेऊन गेलं.

मी कापसातून डोकं वर काढलं तेव्हा वेचणीच्या बायका तोंडाला पदर लावून भोवती उभ्या होत्या. त्यांतली एक वयस्क बाई अगदी गंभीरपणे म्हणाली, “जवाईबापू, कापूस येचाले आले काय?”

मग मी रुसलो. जावयाला तो अधिकार आहे आणि मी तो रीतसर वापरला. जेवायला उशिरा आलो, विचारलं त्याला हूं म्हटलं, ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलो. रुसलेल्या जावयाला काही तरी मानाचं देऊन समजवायचं असतं. घड्याळ, अंगठी, निदान धोतरजोडा. सासरे दुसऱ्या दिवशी एक चामड्याची टोपी घेऊन आले, कान झाकणारी, आणि म्हणाले की आजपासून यंत्र चालवायचा मान तुमचाच, आम्ही हातसुद्धा लावणार नाही. बायको दाराआड हसत होती ते मला ऐकू येत होतं.

तोवर तिचं माझं बोलणं म्हणजे पाणी हवं का आणि टोपी कुठे ठेवली, एवढंच. लग्न उन्हाळ्यात झालेलं, अकोल्याच्या घरात माणसं भरपूर. त्या दुपारी ती आपण होऊन ओसरीवर आली. जमिनीवर एक वाटी उपडी ठेवली, तिच्यावर पाट ठेवला आणि मला समोर खाली बसून दोन्ही पाय त्यावर टेकवायला सांगितलं. पाट फळीसारखा इकडेतिकडे फिरत होता.

“सायकल इसरा,” ती म्हणाली. “ज्या अंगाले जायचं त्या अंगाचा पाय दाबा. अन् वळाले लागलं की लगेच पाय ढिला सोडा. तुमी दाबूनच ठेवता.”

मी विचारलं, तुला काय माहीत? तिने सांगितलं की दोरांना अढी मारल्यावर इंजिन बंद ठेवून बैलांनी ओढून यंत्र माळावर फिरवलं होतं, तेव्हा दोर बघायला तीच आत बसायची. मग आता का बसत नाहीस, तर बाबा बसू देत नाहीत. इंजिनाचं काम, त्यात बाईमाणूस, म्हणून नसतील देत, असं मी समजलो. ती पाय कसा दाबायचा ते सांगत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. पाट उलटून दोनदा वाटी घरंगळली. खरं सांगायचं तर त्या दुपारपासून मला ती आवडायला लागली. आता बायको आवडायला लागली ही गोष्ट सांगणार कुणाला? आणि नेमकी तीच बायको सासरा देईना.

त्यानंतर मी रोज चालवलं. कापसात गेलो नाही, पण बाभळीपर्यंतही गेलो नाही. एकदा माळाच्या कडेला भुसभुशीत मातीत चाक रुतलं आणि शेपूट वर गेलं. एकदा दोर सुटला. एकदा सगळं ठीक होतं तर पुढे बैल आला, तोच खळवाला, आणि पंख दिसल्यावर तो हलायलाच तयार नाही. दर वेळी काही बिघडलं की सासरे काही तरी बदलायचे. दोर कमी ताणायचे, जास्त ताणायचे, पाटा पुढे, पाटा मागे. एकदा मी सरावलो की यंत्र बदललेलं असायचं.

तिसऱ्या आठवड्यात अकोल्याहून नात्यातले एक गृहस्थ आले आणि आईचा निरोप देऊन गेले, की सून येते आहे की मुलगाही तिकडेच ठेवून घेतला. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी जाहीर केलं की हे चाक लहान पडतं, मुंबईहून मोठं मागवतो, महिनाभरात येईल.

माझा पारा चढला. इतके दिवस मी मोठ्यांचा मान राखून होतो. त्या वेळी मी स्पष्ट म्हटलं की उद्या मी निघतो, एकटा. तुमची मुलगी आणि तुमचं चाक दोन्ही तुम्हालाच लखलाभ होवो. बोललो खरं, पण एकटं जायचं मला मुळीच नव्हतं. लोक काय म्हणतील ते होतंच, पण ती नसलेल्या घरात जायचं, हेच नको वाटत होतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

सकाळी माझी पेटी बांधून झाली तेव्हा ती दारात उभी होती. लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मला म्हणाली, माळावर चला, पंखा फिरवायला माणूस पाहिजे. आम्ही गेलो तर सासरे कोठ्याशीच होते. ती त्यांच्यासमोरून गेली आणि यंत्रात बसली.

“वारा हाये,” सासरे म्हणाले.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पंखा फिरवला. इंजिन लागलं. यंत्र निघालं ते जसं काही रुळावरून. मी बाजूने धावत होतो म्हणून मला तिचे पाय दिसले. जरासा दाब, लगेच ढील. जरासा दाब, ढील. वेग वाढला तशी मी मागे पडलो. ती बाभळीपर्यंत गेली, बाभळीला वळसा घातला आणि आपल्याच चाकाच्या खुणेवरून परत आली. वेचणीच्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या. या वेळी कुणी हसलं नाही.

सासऱ्यांनी वाकून इंजिनाखालचा पाटा स्वतःच्या हाताने सोडला. मग घरी येऊन त्यांनी सासूबाईंना तयारी करायला सांगितलं आणि पाटा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीवर ते पोचवायला आले. सामान आत गेलं, ती खिडकीशी बसली. ते खिडकीचा गज धरून माझ्याशी बोलले, तिच्याकडे न पाहता.

“जवाईबापू, तिले सरळ नेता येते हे मले दसऱ्यापासून माहीत होतं. म्हणून तर तिले बसू देत नव्हतो.”

सांगितलं त्यांनी मला. बोलली ती.

“अन् तुमाले माहीत हाये हे मले माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून तर मी बसत नव्हती.”

सासरे हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. गाडी हलली. तीन आठवडे मी जिवाचं रान करून पाय दाबत होतो, आणि माझ्या दाबण्या न दाबण्याशी कशाचाही संबंध नव्हता. जायचं की राहायचं ते तिच्या मनात ठरायचं होतं, आणि मी एकटा निघतो म्हटलं त्या रात्री ते ठरलं. ती खिडकीतून मागे बघत रडत होती. मी शेजारी सरकून बसलो. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि विचारलं की आपल्या घराजवळ माळ आहे का.