मेसमधल्या कॅलेंडरामागचा कागद

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी रत्नागिरीला वकिलीच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसल्या त्या माझ्या सासूबाई. सकाळी भाकऱ्या थापून मी एसटी पकडायला निघाले की ओटीवरून आवाज यायचाच, "निघाल्या वकीलसाहेब!" मी मागे वळून बघायची नाही. बघितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि एसटी चुकली असती.

शेवटच्या वर्षाला मी आंतरराष्ट्रीय कामगार कायदा हा विषय घेतला. वर्गातली पोरं म्हणाली, काकी, रत्नागिरीत याचं काय लोणचं घालणार? जमिनीचे दावे शिका. आमच्या सरांनी मात्र पहिल्याच तासाला सांगितलं, "देश एकत्र बसून करार करतात. पण नुसती सही केली म्हणून तो करार आपल्याकडे लागू होत नाही. त्यावरून आपल्या देशाने आपला नियम केला, की मग तो आपल्या माणसाच्या कामाला येतो. हा मधला पूल ज्याला दाखवता येईल, त्याला मी मार्क देईन." मी ते वहीत उतरवून घेतलं. खरं सांगते, त्यातलं निम्मंही मला तेव्हा कळलं नव्हतं.

कळलं ते आंब्याच्या दिवसांत. माझे धाकटे दीर जहाजावर स्वयंपाकी. त्यांचं जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं, ते हलेचना. मालकाने हात वर केलेले. डिझेल पाठवत नाही, सामान पाठवत नाही, कोणाला घरीही सोडत नाही. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, पाणी मापून देतोय सगळ्यांना. आईला सांगू नका." आईला सांगायची गरजच पडली नाही. माझा चेहरा बघूनच त्यांनी काय ते ओळखलं.

आणि मग त्यांनी काय करावं? बागेतली चांगली फळं निवडून पेटी भरली आणि मुंबईच्या एजंटला पाठवून दिली! आमच्याकडचा हा रिवाजच. दर मोसमाची पहिली पेटी, मुलाला जहाजावर चढवणाऱ्या एजंटला जाते. त्याला दुखवायचं नाही, नाहीतर पुढचं जहाज मिळत नाही. त्या वर्षी पहिली जाऊन झाली होती, ही दुसरी. पेटीवर पत्ता घालायचं काम दरवेळी माझं, म्हणून मला कळलं तरी. माझं डोकंच सटकलं. "आई, तो तिकडे आंबे चोखत बसेल, आणि भावजी पेज पीत राहतील!"

"मग तू आणतेस काय गो त्याला? आण!" त्या ओरडल्या आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. तो 'आण' माझ्या जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी सरांना गाठलं. खलाशांसाठी देशांनी मिळून केलेल्या कराराचं पान उघडलं. ते मला तोंडपाठ होतं, पण परीक्षेपुरतं. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर त्यांचं खाणंपिणं आणि घरी परतण्याचा खर्च विमा कंपनीने उचलायचा, आणि त्या विम्याचा दाखला जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा. सर एवढंच म्हणाले, "दाखला लावलाय का, विचारा."

तिथूनच फोन लावला.

"असला काही कागद नाही हो वहिनी. मी रोज मेसमध्ये उभा असतो, मला दिसला नसता?"

"नोटीस बोर्डावर काय आहे?"

"बोर्डावर? आपलं कॅलेंडर."

"त्याच्या मागे बघा."

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग भावजी म्हणाले, "अरे देवा!"

ते कॅलेंडर मीच दिलेलं. आमच्याकडचा खलाशी निघाला की बॅगेत तिथींचं कॅलेंडर जातंच. चतुर्थी कधी, एकादशी कधी, गणपतीला किती दिवस राहिले, सगळं बघायला. डिसेंबरात जहाजावर चढल्या दिवशीच भावजींनी बोर्डावरची ठळक जागा हेरून ते ठोकलं होतं, नेमकं दाखल्यावर! पाच महिने त्या कागदावर आमचे उपास लटकत होते. मला हसू की रडू कळेना. दोन्ही केलं.

फोटो आला. विमा कंपनीचं नाव, पत्ता, सगळं स्वच्छ. मी त्या कंपनीला अर्ज लिहिला, सरांनी इंग्रजी तपासलं, खाली जहाजावरच्या सगळ्यांची नावं घातली. एक प्रत जहाजांचा कारभार बघणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाला. मग एजंटला फोन केला.

"अहो ताई, मालक परदेशी, जहाज तिसऱ्याच देशाच्या झेंड्याचं. माझ्या हातात काय आहे?"

"तुमच्या हातात आपल्या सरकारचं लायसन आहे. त्या करारावरून आपल्या देशानेही नियम केलेत. माणूस पाठवणाऱ्याला, तो परत कसा येईल याच्यातून अंग काढता येत नाही. अर्जात तुमचंही नाव आहे."

तो हळूच म्हणाला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"परीक्षेला आहे मला!"

चुटकीसरशी काही झालं नाही. पत्रांवर पत्रं गेली. आधी जहाजावर पाणी आणि धान्य पोचलं, मग कितीतरी आठवड्यांनी तिकिटं. गणपतीच्या आधी तीन दिवस भावजी रत्नागिरी स्टेशनात उतरले. बरोबरचे सगळे आपापल्या गावी सुखरूप पोचले. सासूबाई त्यांच्या गालांवरून हात फिरवत "वाळलास रे, वाळलास" म्हणत राहिल्या. मी फलाटावर उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. ओरडलेही. हमालाने वळून बघितलं.

निकाल लागला, तेव्हा त्या विषयात मी वर्गात पहिली होते. पुलाच्या प्रश्नाला मी पुस्तकातलं उदाहरण लिहिलंच नव्हतं.

पुढच्या मोसमात सासूबाईंनी पहिली पेटी भरली. पेंढा घातला, फळं एकसारखी लावली, झाकण ठोकलं. मी नेहमीप्रमाणे पेन घेऊन आले आणि विचारलं, "पत्ता घालू ना, तोच?"

"पत्ता कशाला?" त्यांनी पेटी उचलली, आत नेली आणि माझ्या पुस्तकांच्या टेबलावर ठेवली.

"घ्या, वकीलसाहेब," म्हणाल्या. या खेपेला त्या हसत नव्हत्या.