उन्हात उभी करू नकोस

सायकलवरून कामाला जाणं तब्येतीला फार चांगलं, असं सांगणारी माणसं बहुतेक करून गाडीतून येतात. त्यांनी एकदा काकूंची सायकल घ्यावी आणि समोरून वारा असताना पुलाचा चढ चढून दाखवावा. वर पोचेपर्यंत तब्येत हा विषय डोक्यातून गेलेला असेल.

या काकू हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या. मोठ्या डॉक्टरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्यांची पाळी सकाळची. डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत वॉर्डावॉर्डात धुतलेल्या चादरी पोचायला लागतात, आणि त्यासाठी कुणीतरी उजाडायच्या आत येऊन मशीन सुरू करायला लागतं. पहिली बस येते तोवर मशीनचा एक घाणा निघालेला असतो. म्हणून सायकल. थंडीत ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. पावसाळ्यात रेनकोटच्या बाहेर पाणी आणि आत घाम, म्हणजे भिजायचं ते दोन्हीकडून भिजायचंच. उन्हाळ्यात जाताना बरं वाटतं, त्याचं उट्टं दुपारी परतताना निघतं. लाँड्रीतल्या खुंटीवर काकूंचा कोरड्या कपड्यांचा एक जोड कायम टांगलेला असतो. तो बदलून त्या वाफेत शिरतात आणि तासाभरात तोही ओला होतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय, आणि आताशा काकूंचे गुडघे रोज पुलावर कुरकुर करतात.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, बस डेपोत टायरचं काम बघायचे. हातोडीने टायर ठोकायचे आणि आवाजावरून सांगायचे, कुठला धावेल आणि कुठला वाटेत दगा देईल. बसचे टायर दिवसभर आणि बायकोच्या सायकलचे रोज सकाळी, असा त्यांचा शिरस्ता होता. काकू डबा भरायच्या तेव्हा काका उंबऱ्याशी उकिडवे बसून चाकं बघायचे. थंडी-पावसात हवा टम्म भरायची. उन्हाळ्यात मात्र थोडी काढायची, कारण हॉस्पिटलच्या आवारात सायकलींना छप्पर नाही, आणि उन्हात तापून ट्यूब फुटते. एकदा फुटलीही होती. भर दुपारी काकू सायकल हाताने ढकलत घरी आल्या होत्या, तेव्हापासून काकांनी ते मनाला लावून घेतलं. उन्हाळ्याच्या दिवसांत काकू पायडलवर पाय ठेवायला लागल्या की मागून आवाज यायचाच, "उन्हात उभी करू नकोस."

काका निवृत्त झाले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग शेजारी. आता शर्टाची बटणं लावताना हात मध्येच थांबतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नाही. लेकीचा फोन आला की बोलतात छान, पण फोन ठेवल्यावर विचारतात, कोण होती ही? तरीही रोज पहाटे ते न चुकता उठतात आणि सायकलपाशी जातात. घोटाळा एवढाच, की त्यांच्या डोक्यात उन्हाळा येऊन बसलाय तो हलायला तयार नाही. बाहेर धो धो पाऊस असो की धुकं, काका चाकातली हवा काढतात. बरं, थोडी काढून थांबावं ना. काढली हे विसरतात आणि परत काढतात.

काकूंनी याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. "झाली का?" असं विचारायचं, "झाली" म्हणाले की सायकल घ्यायची, आणि बसलेल्या चाकांनी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची. कोपऱ्यावर शिंपीदादांचं दुकान. शिंपीदादा दुकानाच्या फळीखाली काकूंसाठी पंप ठेवायचे. तिथे, घरातून दिसणार नाही अशा बेताने, काकू दोन्ही चाकं भरायच्या. धाप लागायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि मग त्या दमल्या जिवाने पूल चढायच्या. उशीर व्हायचाच.

लेक फोनवर म्हणाली, "आई, सायकल कुलपात ठेव. साधी गोष्ट आहे."

"ठेवते," काकू म्हणाल्या, आणि ठेवली नाही. घरातली सगळी कामं एकेक करून काकांच्या हातून सुटली होती. हे एकच उरलं होतं. तेही काढून घ्यायचं म्हणजे काकूंच्या जिवावर आलं होतं.

लाँड्रीचा सुपरवायझर वाईट नव्हता, पण वॉर्डातून ओरड झाली की त्याच्याच अंगावर यायची. त्याने एक दिवस सांगून टाकलं, "काकू, आता आणखी एकदा उशीर झाला तर मी तुम्हाला दुपारपाळीत टाकणार. माझा नाइलाज आहे."

काकूंना दुपारपाळी परवडणारी नव्हती. काका सकाळभर उंबऱ्यावर निमूट बसायचे, शिंपीणबाई अधूनमधून डोकावायच्या, त्यामुळे ती वेळ निभायची. संध्याकाळ मात्र निराळी. दिवस कलला की काका अस्वस्थ व्हायचे, "माझी पाळी आहे" म्हणायचे आणि चपला घालून डेपोच्या दिशेने निघायचे. तेव्हा दारात काकू लागायच्याच. दुपारपाळी लागली तर काकांना अडवणार कोण?

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी शिंपीदादांच्या दुकानाला कुलूप. नवरा-बायको कुठल्याशा लग्नाला गेलेले, पंप आत. पाऊस कोसळत होता. काकू सायकल ढकलत परत घरी आल्या, पलंगाखालचा जुना पंप ओढून काढला आणि काकांच्या समोरच हवा भरायला बसल्या.

काका वाकून बघत होते. "अगं, एवढी भरू नकोस. फुटेल," ते म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने व्हॉल्व्हकडे गेला.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "बाहेर पाऊस पडतोय, दिसत नाही तुम्हाला? रोज मी कोपऱ्यावर जाऊन हवा भरते. रोज. तुमच्यापायी माझी पाळी जायची वेळ आलीय. यापुढे सायकलला हात लावायचा नाही."

काकांनी हात मागे घेतला. मग तो हात उलटासुलटा करून बघत राहिले. काकूंना थांबायलाही वेळ नव्हता. पूल चढताना त्यांनी स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं. पोचल्या तेव्हा पाळी सुरू होऊन गेली होती, पण नशीब, सुपरवायझरच पावसात कुठेतरी अडकला होता.

दुसऱ्या दिवसापासून काकू वेळेवर पोचायला लागल्या. चाकं टम्म, धाप नाही, काही नाही. सुपरवायझर खूश झाला. "बघा काकू, मनात आणलं की जमतं," तो म्हणाला. हातातलं ओल्या चादरींचं बोचकं त्याच्या डोक्यात घालावं असं काकूंना वाटलं. त्यांनी ते मशीनमध्ये घातलं.

चाकं टम्म राहत होती, कारण घरी काका पहाटे उठेनासे झाले होते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेजारी ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा. "काका हल्ली उंबऱ्यावर दिसत नाहीत," शिंपीणबाई म्हणाल्या. रागावलेत म्हणावं तर काय घडलं ते त्यांना आठवतही नसणार. पण हात लावायचा नाही, एवढं कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. मग एका संध्याकाळी ते डेपोलाही निघाले नाहीत. दिवस मावळला तरी चपला जागच्या जागी. काकूंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्या काकांच्या पायथ्याशी बसून राहिल्या आणि त्यांना भयंकर भीती वाटली.

पुढच्या पहाटे काकू नेहमीपेक्षा आधी उठल्या. बाहेर पाऊस होताच. त्यांनी मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला आणि सगळी हवा जाऊ दिली. मग पलंगापाशी पंप नेऊन ठेवला.

"अहो, मागचं चाक बसलंय. बघता का जरा?"

काका हलले नाहीत.

"मला उशीर होतोय हो," काकू म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

बऱ्याच वेळाने काका उठून बसले. पंप त्यांनी हातात घेतला, खालीवर पाहिला. शर्टाची बटणं विसरलेल्या त्या हातांनी नळी व्हॉल्व्हला बरोबर जोडली. थांबत, दम घेत ते हवा भरत राहिले. काकू डबा हातात घेऊन बघत होत्या. आता हात परत व्हॉल्व्हवर जातो की काय, याची त्यांना धाकधूक होती. पण स्वतः भरलेल्या हवेवर काकांचा भरवसा होता. त्यांनी बोटाच्या पेराने टायर ठोकला, कान लावून ऐकलं आणि मान हलवली.

"एवढी हवा कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"तुला त्यातलं कळत नाही. यापुढे मला सांगत जा."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यांनी रेनकोट चढवला, सायकल पायरीवरून उतरवली. पाणी हँडलवरून ओघळत होतं. मागून आवाज आला, "उन्हात उभी करू नकोस."

"नाही करत."

तेव्हापासून काकूंना आणखी लवकर उठावं लागतं. झोप पुरी होत नाही, दुपारी इस्त्रीच्या रुळापाशी उभ्या उभ्या डोळा लागतो. पण पाळी सकाळचीच आहे. रोज अंधारात त्या सायकलपाशी बसतात, आवाजाने काकांना जाग येऊ नये म्हणून व्हॉल्व्हवर टॉवेल दाबून धरतात आणि सगळी हवा निघून जाईपर्यंत थांबतात. मग त्यांना उठवतात.