साडूभाऊंचं 'दॅन आय'

निजामाच्या अख्ख्या मुलखात माझ्या थोरल्या साडूंइतका अस्वस्थ माणूस दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या अस्वस्थतेचं कारण ऐकून कुणाला हसू आलं तर मी त्याला दोष देणार नाही. ते केजच्या शाळेत इंग्रजी शिकवत. 'तो माझ्याहून उंच आहे' हे इंग्रजीत सांगताना शेवटी 'दॅन आय' म्हणायचं, कारण त्या 'आय'च्या मागं 'अ‍ॅम' दडलेलं असतं, हा त्यांचा धर्म. मुलं मात्र हटकून 'दॅन मी' म्हणत. ते कानावर पडलं की साडू उठत, येरझाऱ्या घालत, उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत. एरवीही त्यांना एका जागी बसवत नसेच. कुणाकडे गेलो की नीट टेकायच्या आत त्यांचं 'चला साडूभाऊ, चला' सुरू होई.

कुठल्याही भाषेतली तुलना अर्धवट राहिलेली त्यांना खपत नसे. बायको वैतागून म्हणे, "तुमच्यापरीस म्हैस बरी." हे लगेच, "वाक्य पुरं करा. मी जितका बरा हाय, त्यापरीस म्हैस बरी हाय, असं ना?" "व्हय, असंच," म्हणून ती धार काढायला निघून जाई. बाजारात एका खरबूजवाल्यानं "ये उससे मीठा है" म्हटलं, तर त्याच्याकडूनही शेवट वदवून घ्यायला लागले. तो म्हणाला, "मास्तरसाब, काट कू देतुं, खाके देखो ना. बहस कायकू?" साडूंनी खरबूज खाल्लं, पण चालता चालता. मोमिनाबादेहून त्यांची केजला बदली झाली तीसुद्धा एका वरिष्ठांना भर वर्गात दुरुस्त केल्यामुळं.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांना एकुलती एक मुलगी होती. तिला त्यांनी घरीच इंग्रजी शिकवलं होतं. परळीचं एक चांगलं स्थळ आलं, मुलगा 'दॅन मी' म्हणाला, आणि साडूंनी त्याला चारचौघांत बरोबर वाक्य घोकायला लावलं. मंडळी लाडू तसेच ठेवून उठली. मग घाटनांदूरचं स्थळ आलं. हा मुलगा पोरीनं एका लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. बायकोनं बजावलं, "या खेपेला तोंड उघडाल तर पोरगी घरातच बसंल, सांगून ठिवते." पोरगी बापाकडं नुसती बघत राहिली. मला मुद्दाम साडूंच्या शेजारी बसवलं, उपरण्याचं टोक धरून.

मुलाच्या चुलत्याला पुतण्याचं भारी कौतुक. "बोल बे, मास्तरांच्या पुढं दोन शब्द इंग्रजी बोल!" मुलगा लाजत म्हणाला, "माय ब्रदर इज टॉलर दॅन मी." माझ्या हातातलं उपरणं सुटलं. साडू उठून अंगणात गेले. आतून आम्हाला त्यांच्या वहाणांचा आवाज येत होता, इकडून तिकडं, तिकडून इकडं. दारामागं पोरगी भिंतीला टेकून उभी होती. बऱ्याच वेळानं ते आत आले, घामानं डबडबलेले. चुलत्यानं विचारलं, "कसं हाय इंग्रजी?" साडू म्हणाले, "आज रांजणातलं पाणी लई गार हाय." लग्न ठरलं.

पाठवणीच्या वेळी पोरीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. बैलगाडी जुंपली होती. सासऱ्याचा उतरलेला चेहरा बघून जावयाला राहवलं नाही. त्यानं पाया पडून, त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच इंग्रजीत धीर दिला, "शी विल बी हॅपियर दॅन मी." गाडीत चढता चढता पोरगी थांबली आणि बापाकडं बघू लागली. साडूंनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर." ते ऐकून पोरगी जी हुंदके देत सुटली, ती गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत. तो 'बरोबर' किती महागाचा होता, हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नसेल.

मंडळी पांगली. साडू जिथं उभे होते तिथंच, उपरणंही जागचं हललं नव्हतं. त्या माणसावर माझी एवढी माया आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, चला आता."

"थांबा की जरा," ते म्हणाले.