बाळगोळीशिवायचं पोर
लाल साबणाचा वास आला की मला इंग्रजांच्या वेळची, भाईंदरच्या मिठागराकडची झोपडी आठवते. तिथं मी नर्सबाईंच्या हाताखाली पोरं सांभाळायला शिकत होते. आया मीठ ओढायला जायच्या, आणि पोर निजून राहावं म्हणून सकाळीच त्याला अफूची बाळगोळी चाटवायच्या. त्याआधी मीठ ओढायला जायचे, तेव्हा मीपण माझ्या पोरीला चाटवायची. एक दिवस ती निजली ती उठलीच न्हाय. नर्सबाईंनी बजावलेलं, "गोळी दिलेलं पोर घ्यायचं नाही." माझ्या पहिल्याच दिवशी एक बाई पोर कडेवर, हातात गोळी घेऊन आली. म्हणाली, "रडला तर तुझा बाप येनार हाय का गप करायला?" मी म्हटलं, "रडू दे गो. माझी रडली न्हाय, निजूनच गेली." तिनं गोळी टाकली, पोर माझ्याकडं दिलं. दुपारपर्यंत ते रडत होतं, मी त्याला कडेवर घेऊन बांधावर फिरत होते. जेवणाच्या सुट्टीत त्याची आई आली, लाल साबणानं हात धुऊन तिनं त्याला पदराखाली घेतलं. "एवढा कधी पीत न्हवता गो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं जावेचंही पोर आणलं, गोळीशिवाय. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आता तू एकटी सांभाळ." मी अजून अंगठाच लावते, पण त्या झोपडीतलं एकही पोर माझ्या हातून गेलं न्हाय.