तळमजल्यावरची बेल

"बाबा जर्मनीत आले आणि आल्या आल्या शेजाऱ्यांवर रुसून बसले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून तळमजल्यावरच्या आजींकडे नेलं आणि ओळख करून दिली."

यंदा सुट्टीवर कोथरूडला आलेल्या आमच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या बागेत, माझ्या रोजच्या मंडळींसमोर, हे निवेदन केले. मंडळी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तर एकाने विचारलेच, "काय हो, आज एकटेच? हात धरायला कोणी नाही?" ज्या बाकावर माझा शब्द अखेरचा मानला जातो, त्या बाकावर हे मी खपवून घेणार नाही.

मी रुसलो नव्हतो. मी चहाची वाट पाहत होतो. आपल्याकडे सामानाचा टेम्पो दारात लागला की समोरच्या घरातून चहाचा थर्मास येतो आणि "आज गॅस पेटवू नका, जेवायला आमच्याकडेच या" असे बजावले जाते. मी गेलो तेव्हा चिरंजीवांनी तिथे नवे घर घेऊन अर्धे वर्ष उलटले होते. चहा दूरच, जिन्यात भेटणारा माणूस नुसती मान हलवून पुढे सरके. "बाबा, इथले लोक असेच असतात," असे मला समजावण्यात येई. मला ते पटेना. माणसे कुठेही उगाच 'अशीच' नसतात. त्यांना जाब विचारावा लागतो.

म्हणून एके सकाळी, मुलगा आणि सूनबाई कामावर गेल्यावर, मी कोट चढवला, बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि तळमजल्यावरची बेल वाजवली. निवृत्तीनंतर पुण्यात हौसेने जर्मनचा वर्ग लावला होता. ते सारे जर्मन त्या क्षणी छातीत धडधडत होते!

माझ्याच वयाच्या एका ताठ बाईंनी दार उघडले. मी नमस्कारात वेळ दवडला नाही. "आम्ही वर राहायला येऊन सहा महिने झाले. आपण एकदाही चौकशीला आला नाहीत. हे आपल्याला शोभतं का?"

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "मी का यावं? नव्यानं आलेल्यानं दारोदार बेल वाजवून आपली ओळख सांगायची असते. सहा महिने मी वाट पाहते आहे. शोभतं का, हे मीच विचारणार होते!"

वा! मला इतका आनंद झाला की डबा हातातून निसटता निसटता राहिला. आपापल्या हक्कावर अडून बसलेली दोन माणसे, आणि मध्ये फक्त एक जिना! पुण्याबाहेर इतके खणखणीत उत्तर मला क्वचितच मिळाले आहे. त्यांनी आत बोलावले, कॉफी ठेवली आणि आम्ही मनसोक्त भांडलो.

"सामान वाहून दमलेल्या माणसानं दारोदार बेल वाजवत हिंडायचं?" मी म्हणालो.

"आणि दमलेल्या माणसाला झोपायचं असेल तर? दार कधी उघडायचं ते त्याचं त्यानं ठरवावं."

मुद्दा बिनतोड होता. मी तो अद्याप मान्य केलेला नाही. बाईंनी मात्र दोन लाडू संपवून तिसऱ्याकडे हात नेला, आणि उरलेला डबा घेऊन मी त्याच दिवशी इमारतीतली एकूण एक बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत दारात आले आणि तसेच बराच वेळ गप्पा मारत उभे राहिले!

आता चिरंजीवांच्या कथेतील ओळख करून देण्याबद्दल. त्या रविवारी बाई माझ्या निमंत्रणावरून वर चहाला आल्या. दार चिरंजीवांनी उघडले. बाईंनी हात पुढे केला आणि अत्यंत अदबीने विचारले, "आपण कोण?"

"हा माझा मुलगा," असे त्यांना सांगितले ते मी.