तांदळाच्या डब्यातलं पुस्तक

‘मंगळवार, ४ फेब्रुवारी. नळाचा वॉशर बदलला. लेकीचा फोन. घर भाड्याने दे, आमच्याकडे ये म्हणते. एकटीला भीती नाही का वाटत, म्हणाली. रविवारी सांगते म्हटलं. माळ्यावरून ते पुस्तक काढलं.’

वहिनींच्या रोजनिशीतलं ते पुस्तक म्हणजे झपाटलेल्या बंगल्याची कादंबरी. लग्न झाल्या वर्षी वहिनींनी ती वाचायला घेतली होती आणि आजवर संपवली नव्हती. बंगल्याच्या जिन्यावर भुताची पावलं वाजली की वाचतानाच त्यांची बोबडी वळायची. मग पुस्तक थेट तांदळाच्या डब्यात, तळाशी. वर घट्ट झाकण. सकाळी बघावं तर पुस्तक उशीशी!

“मी कशाला काढू? त्याचं तेच आलं असेल,” यजमान साळसूदपणे म्हणायचे, आणि त्यांच्या बाहीतून तांदूळ गळायचे.

यजमान गेल्याला आता दोन वर्षं झाली होती. वहिनींनी मनाशी ठरवलं, पुस्तकाने अजून घाबरवलं तर लेकीकडे जायचं. नाही तर इथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गल्लीतली नणंद डोकावली.

“वहिनी, या वयात भुतं? त्यापेक्षा देवाधर्माचं वाचा काहीतरी.”

“गप्प बस गं. पावलं आलीत जिन्यावर.”

“मग? फुटला का घाम?”

“छे! उलट वाटलं, चला, घरात कोणी तरी आलं.”

नणंद हसायला लागली आणि मध्येच थांबली.

संध्याकाळी शेवटचं प्रकरण आलं. भूत कायमचं गेलं. पावलं थांबली, दारं गप्प झाली, सगळे निवांत झोपले.  आणि इथे काही कळायच्या आत वहिनी उठल्या आणि पुस्तक डब्यात खुपसून मोकळ्या झाल्या. मग स्टूल ओढून डब्यासमोरच बसल्या. भूत होतं तोवर काही नाही, आणि ते गेल्यावर भीती? ही कुठली तऱ्हा?

रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

“घाबरले गं, पण पुस्तकातलं घर रिकामं झालं तेव्हा. म्हणून मी हे घर रिकामं करून येत नाही.”

“आई, काय बोलतेस तू?”

“वाच म्हणजे कळेल. थांब, आधी पुस्तक डब्यातून बाहेर काढू दे. आता मलाच काढायला हवं.”

रात्री त्यांनी लिहिलं, ‘तांदूळ तळाला गेलेत. उद्या महिन्याचे भरायचे.’